कोपऱ्यातले सोळा चौरस मीटर

माणसाने घरात टेप काढून काय वाटेल ते मोजावं. पडद्याचं कापड मोजावं, नवा फ्रिज दारातून आत जाईल का ते बघावं, फार तर बायकोची नजर चुकवून स्वतःचं पोट मोजावं. पण डोंबिवलीत राहत असाल, आणि त्यातून पस्तीस वर्षं जुन्या बिल्डिंगमध्ये राहत असाल, तर टेप घेऊन कंपाउंडमध्ये उतरू नये. मोरेश्वर केळसकरांना हे कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं, कारण केळसकर मूळचे दापोलीकडचे, आणि तिकडचा माणूस दुसऱ्याचं ऐकतो ते फक्त फणस कापायचा कसा एवढ्यापुरतं. तेही ऐकतो आणि मग आपल्याच पद्धतीने कापतो.

कोपर स्टेशनापासून चालत सात मिनिटांवर त्यांची 'स्वानंद' सोसायटी. तळमजला धरून चार मजले, मजल्यावर चार घरं, लिफ्ट नाही. केळसकर तिसऱ्या मजल्यावर. सगळी बिल्डिंग त्यांना अण्णा म्हणते. ठाण्याला वागळे इस्टेटीत छत्तीस वर्षं ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी करून ते रिटायर झाले, आणि गोष्ट सुरू झाली त्या गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता डायनिंग टेबलावर चष्मा पुसत बसले होते.

सहा ते सात ही वेळ सान्वीची. सान्वी म्हणजे नात, सहावीत. या तासात आजोबांनी नातीचं गणित घ्यायचं असा चार वर्षांचा शिरस्ता होता. नियम एकच, आणि तो अण्णांनी स्वतः घालून दिलेला: उत्तर सांगायचं नाही, ज्याचं त्याला सापडू द्यायचं. एकदा बायकोने, मालनताईंनी, भाजी निवडता निवडता "अगं, बहात्तर येतात" असं म्हटलं, तर अण्णांनी त्यांना भाजीसकट आतल्या खोलीत पाठवलं होतं. खरं सांगायचं तर दिवसातला तेवढा एकच तास असा होता की कोणीतरी अण्णांची वाट बघायचं. बाकीच्या तेवीस तासांत अण्णा सगळ्यांची वाट बघायचे, दूधवाल्यापासून मुलाच्या, विनीतच्या, गाडीपर्यंत.

त्या गुरुवारी सान्वीने वही उघडली आणि त्यांच्याकडे सरकवली. पानावर तांबडी फुली होती.

गणित साधं होतं. एका आयताकृती बागेची लांबी ४० मीटर, रुंदी २५ मीटर. बागेच्या आतून, कुंपणाला लागून, चारी बाजूंनी २ मीटर रुंदीचा रस्ता केला आहे. तर रस्त्याचं क्षेत्रफळ किती? आदल्या दिवशी अण्णांनी सांगितलं होतं, बागेला एक फेरी मार. चाळीस, पंचवीस, चाळीस, पंचवीस, झाले एकशे तीस. रस्त्याची रुंदी दोन. एकशे तीस दुणे दोनशे साठ. सान्वीने दोनशे साठ लिहिलं होतं. रचना मॅडमनी त्यावर फुली मारून बाजूला लिहिलं होतं, २४४.

"मॅडम चुकल्यात," अण्णा म्हणाले.

"मॅडम?" सान्वीने विचारलं.

"घाईत असतील. चाळीस वह्या तपासायच्या म्हणजे होतं असं."

स्वयंपाकघरातून सून बाहेर आली. प्राची ठाण्याला एका ऑफिसात जाते आणि तिचं बोलणं नेहमी गोड असतं, त्यामुळे तिचं ऐकताना अण्णांना फार सावध राहावं लागतं. "अण्णा, तुम्हाला विचारणारच होते," ती म्हणाली. "स्टेशनजवळ त्या नवीन क्लासचा पुढच्या शनिवारी डेमो आहे. सहा ते साडेसातची बॅच. सान्वीला घालावं म्हणतोय आम्ही. तुम्हालाही किती त्रास होतो ना रोज."

अण्णांना कसलाही त्रास होत नव्हता. पण सहा ते साडेसात हे आकडे त्यांनी ऐकले आणि त्यांचा चहा गार झाला. क्लास लागला तर सहा ते सात आपण काय करायचं हा प्रश्न त्यांच्यासमोर उभा राहिला, आणि त्याचं उत्तर कुठल्याच पुस्तकाच्या मागे दिलेलं नव्हतं.

"शनिवारपर्यंत थांब," ते म्हणाले. "तोवर मी सिद्ध करून दाखवतो."

"अहो, चुकलं असेल एखादं," मालनताई आतून म्हणाल्या.

"छत्तीस वर्षं रेघा मारल्यात मी."

"तेच म्हणते. रेघा मारल्यात, रस्ते नाही केले."

शुक्रवारी सकाळी अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून शाळेच्या गेटवर हजर झाले. वॉचमनने रजिस्टर उघडलं. "पालक?"

"आजोबा."

"आजोबा पालकात येत नाहीत, काका. आई नाहीतर बाबा."

"अहो, तिच्या बाबांचा मी बाबा."

वॉचमनने यावर मनापासून विचार केला, पण रजिस्टरात तसा रकाना नव्हता. भेटायचंच असेल तर पालकांच्या सहीची चिठ्ठी आणायची, आणि शिक्षक भेटणार शनिवारी बारा ते साडेबारा, तेही महिन्यातल्या दुसऱ्या आणि चौथ्या. येणारा शनिवार तिसरा होता. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, स्वतःच्या मुलाच्या सहीची चिठ्ठी घेऊन शाळेत यायचं, या कल्पनेने अण्णांना अतिशय लागलं. परतताना त्यांनी रिक्षाही केली नाही.

चिठ्ठी मागायची नाही, तर मग पुरावाच उभा करायचा. आणि पुरावा तर खिडकीतून खाली दिसत होता. स्वानंदचं कंपाउंड आयताकृती, मधे बिल्डिंग, आणि भिंतीला लागून चहूबाजूंनी लाद्या घातलेला दोन मीटरचा रस्ता. पुस्तकातली बागच, फक्त झाडांच्या जागी स्कूटर.

रविवारी सकाळी आठ वाजता अण्णांनी कपाटातून तीस मीटरची कापडी फीत काढली. रिटायर होताना साहेबांनी ती स्वतःच्या हाताने दिली होती, कारण ऑफिसात नवीन लेझरवाली आली होती. सान्वी फितीचं टोक धरून कोपऱ्यात उभी राहिली, अण्णा फीत सोडत दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत गेले. उत्तरेची बाजू तीस मीटर. मग पूर्वेची, वीस मीटर. मग दक्षिण, मग पश्चिम. अण्णा आकडा मोठ्याने सांगायचे आणि सान्वी पळत येऊन वहीत लिहायची.

दुसरी बाजू होईपर्यंत पाच गॅलऱ्यांत माणसं आली होती.

इथे हे सांगायला हवं की स्वानंदमध्ये नऊ वर्षं रिडेव्हलपमेंटची वाट बघणं चालू होतं. तीन बिल्डर येऊन, चहा पिऊन, चकचकीत चित्रं दाखवून गेले होते. प्रत्येक घरात कपाटावर नव्या टॉवरचं एक तरी चित्र होतं, घोडबंदर रोडला असतात तसलं, निळं पाणी आणि पाण्यात एकच गोरा माणूस. अशा ठिकाणी रविवारी सकाळी रिटायर्ड ड्राफ्ट्समन फीत घेऊन कंपाउंड मोजतो म्हटल्यावर लोकांनी काय समजायचं?

"काय अण्णा, सुरू झालं वाटतं?" पहिल्या मजल्यावरून पोपटराव चौधरींनी विचारलं. पोपटराव म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी. सकाळी दात घासायच्या आधी ते सोसायटीचा ग्रुप बघतात.

"सान्वीचं गणित आहे," अण्णा म्हणाले.

"हो हो, गणितच आहे. आम्ही कुठे काय म्हणतो?" आणि पोपटरावांनी असा काही डोळा बारीक केला की अण्णांना स्वतःच्याच बोलण्याचा संशय आला.

तळमजल्यावरच्या ठमाबाई म्हात्रे नैऋत्येच्या कोपऱ्यात सुके बोंबील उन्हात घालत होत्या. ही बिल्डिंग ज्या जमिनीवर उभी आहे ती एके काळी त्यांच्या सासऱ्याची भातशेती होती, त्यामुळे कंपाउंडात काहीही हललं तरी त्यांना विचारायचा अधिकार आहे असं त्या मानत, आणि बाकीचेही मानत. "काय मोजतंस रं मोरू?" त्यांनी विचारलं. अण्णांना एकेरी हाक मारणाऱ्या बिल्डिंगीत त्या एकट्याच.

"नातीचं गणित आहे, ठमाबाई."

"माजे सासऱ्याला पन असंच सांगलेलं," ठमाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी बोंबील थोडे पुढे सरकवले.

चारी बाजूंची बेरीज शंभर मीटर आली. रुंदी दोन. दोनशे चौरस मीटर. काही अडलं नाही, काही उरलं नाही. "बघितलंस?" अण्णा म्हणाले. "पद्धत चोख आहे." सान्वी वहीकडे बघत होती. तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग कोपऱ्याकडे बघितलं, मग बंद केलं. अण्णा इतके खूश होते की त्यांच्या ते लक्षात आलं नाही.

संध्याकाळपर्यंत ग्रुपवर एकशे बारा मेसेज आले. अण्णांनी प्रामाणिकपणे लिहिलं, "मी फक्त सहावीचे गणित सोडवत होतो." त्यावर नऊ जणांनी हात जोडले आणि तिघांनी लिहिलं, "समजले अण्णा. गुप्तता आवश्यकच आहे." खरं सांगून कोणी विश्वास ठेवत नाही म्हटल्यावर माणसाने करायचं काय? सोमवारी एक जण आपला हॉल मोजून द्या म्हणून आला. मंगळवारी तिघे आले. अण्णा आधी नाही म्हणाले, मग चहा आला, चहाबरोबर शंकरपाळे आले, आणि छत्तीस वर्षांत साहेबांनी कधी म्हटलं नाही ते पोपटराव म्हणाले, "अण्णा, तुमच्या आकड्याला धक्का लावणारा माणूस डोंबिवलीत नाही." घरी फुली आणि बाहेर ही वाहवा. अण्णांना सांगायला लाज वाटली असती, पण तो आठवडा त्यांना बरा चालला होता.

बुधवारी कोणीतरी बातमी आणली की रिडेव्हलपमेंटमध्ये नव्या बिल्डिंगीतलं पार्किंग आत्ता कोणाची गाडी कुठे उभी राहते त्यावरून मिळतं. ही बातमी कोणी आणली, कुठून आणली, हे शेवटपर्यंत कळलं नाही. पण त्या रात्री ज्यांच्याकडे गाडी नव्हती त्यांनीही खाली काहीतरी नेऊन ठेवलं. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी नातवाची तीनचाकी सायकल साखळीने बांधली. एकांनी मोडकी शिवणयंत्रं आणून ठेवली, दोन.

सकाळी पोपटराव वर आले. "अण्णा, वाटणी करून टाकू. चार बाजू, चार मजले. एकेका मजल्याला एकेक बाजू. तुमच्या मापाने तक्ता करा आणि खाली सही करा. तुमची सही असली की कोणी बोलणार नाही."

"गेटचं काय?"

"गेट पुढच्या मीटिंगला घेऊ."

अण्णांनी ड्रॉइंगचा कागद काढला. किती वर्षांनी काढला. रेघा मारल्या, बाण काढले, सुबक अक्षरात लिहिलं: दक्षिण बाजू, तीस मीटर, तळमजला. पश्चिम बाजू, वीस मीटर, पहिला मजला. उत्तर बाजू, तीस मीटर, दुसरा मजला. पूर्व बाजू, वीस मीटर, तिसरा मजला. एकूण दोनशे चौरस मीटर. खाली, मोजणी करणार, मो. ग. केळसकर, निवृत्त ड्राफ्ट्समन. शुक्रवारी संध्याकाळी कागद बोर्डावर लागला आणि अण्णांनी जाता-येता तो सात वेळा वाचला. प्राचीनेही ऑफिसातून येताना वाचला. "छान काढलंय हं अण्णा," ती म्हणाली. "उद्या अकराला डेमो आहे. मी आणि सान्वी जाऊन येतो." अण्णा मान डोलावून खिडकीशी जाऊन उभे राहिले.

शनिवारी बाराच्या सुमाराला खालून आवाज यायला लागले.

अण्णा उतरले तर नैऋत्येच्या कोपऱ्यात पहिल्या मजल्यावरच्या राघो परबांची गाडी मागचं चाक बोंबलांपासून वीतभर अंतरावर आणून थांबलेली होती. गाडीत राघो, गाडीसमोर ठमाबाई, आणि भोवती अर्धी सोसायटी.

"अण्णा, तुम्हीच सांगा," राघो काच खाली करून म्हणाले. "पश्चिम बाजू पहिल्या मजल्याची. वीस मीटर. मी मोजलं. ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत वीस होतात. म्हणजे हा कोपरा धरून वीस."

"आनि दक्षिन बाजू आमची," ठमाबाई म्हणाल्या. "तीस मीटर. माजे नातवानं मोजली. यो कोपरा धरून तीस. मोरू, कागुद तुजा हाय. सांग, यो कोपरा कोनाचा?"

अण्णांनी कागद बघितला. राघोंचं बरोबर होतं. ठमाबाईंचंही बरोबर होतं. त्यांनी वाकून स्वतः फीत लावली. कोपऱ्याचा चौकोन दोन बाय दोन, चार चौरस मीटर, त्यावर बोंबील. हा चौकोन पश्चिमेच्या वीस मीटरमध्येही बसत होता आणि दक्षिणेच्या तीसमध्येही. जागा एक आणि कागदावर दोनदा.

तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं की ईशान्येच्या कोपऱ्यातही तेच झालंय, सायकल आणि कुंड्या. मग वायव्येकडून शिवणयंत्रांची बातमी आली. चारही कोपऱ्यांत भांडण, आणि प्रत्येक भांडणात दोन्ही पक्षांकडे अण्णांची सही.

अण्णा तिथेच, बोंबलांशेजारी, उकिडवे बसले. चार कोपरे. चार चोक सोळा. आणि त्यांच्या डोळ्यांपुढे ती वही आली. दोनशे साठातून सोळा गेले की दोनशे चव्वेचाळीस. मॅडमनी तांबड्या शाईने लिहिलेले तेच. बागेला फेरी मारताना आपण प्रत्येक कोपरा एकदा जाताना मोजला आणि एकदा वळल्यावर, हे त्यांना छत्तीस वर्षांच्या रेघांनी नाही सांगितलं, बोंबलांनी सांगितलं.

त्यांनी मान वर केली तेव्हा गेटमधून प्राची आणि सान्वी आत येत होत्या. डेमो संपवून. अण्णांना वाटलं, आत्ता गप्प बसावं. काहीतरी ढकलाढकली करावी, टेप कापडी आहे, ताणली जाते म्हणावं. पोपटरावांना ते पटलंही असतं. पण सान्वी त्यांच्याकडेच बघत होती.

"चूक माझी आहे," अण्णा उठून म्हणाले. "चारही कोपरे मी दोनदा मोजले. रस्ता दोनशे नाही, एकशे चौऱ्याऐंशी चौरस मीटर आहे. आणि सान्वीच्या मॅडमचं उत्तर बरोबर होतं." एवढं बोलून ते बोर्डाकडे गेले आणि त्यांनी आपल्या सहीचा कागद काढून चार घड्या घालून खिशात टाकला.

मग पोपटराव हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे सोसायटीची सोळा मीटर जागा गेली?"

"गेली नाही. नव्हतीच."

"काल होती ना कागदावर," मागून कोणीतरी म्हणालं. "अजून बिल्डर आलासुद्धा नाही, आणि सोळा मीटर गायब." यावर मीटिंग बोलवायचं ठरलं. अण्णांनी पुन्हा एकदा सांगितलं की हे मुळात सहावीचं गणित होतं, आणि या वेळीही कोणी विश्वास ठेवला नाही. कोपऱ्याचा निकाल शेवटी ठमाबाईंनी लावला. "कोपरा कोनाचाच नको," त्या म्हणाल्या. "बोंबलांचा ऱ्हाऊ दे." राघोंनी गाडी पुढे घेतली.

त्या दिवशी सहा वाजता अण्णा टेबलावर बसले नाहीत. गॅलरीत पेपर घेऊन बसले, सकाळचाच. मालनताई आज एक शब्दही टाकून बोलल्या नाहीत, उलट त्यांनी न मागता चहा आणून ठेवला, आणि अण्णांना ते जास्त लागलं. पाच मिनिटांनी सान्वी वही घेऊन आली आणि शेजारी उभी राहिली.

"आजोबा, मला रविवारीच कळलेलं."

"काय?"

"मी प्रत्येक कोपऱ्यात दोनदा थांबले ना. एकदा या भिंतीचा आकडा लिहायला आणि एकदा पुढच्या भिंतीसाठी टोक धरायला. तेव्हाच वाटलं काहीतरी गडबड आहे. मग घरी येऊन चित्र काढलं. बागेतून आतला चौकोन वजा केला. छत्तीस गुणिले एकवीस. हजारातून सातशे छप्पन्न गेले. दोनशे चव्वेचाळीस."

अण्णांनी चष्मा काढला. "अगं मग बोलली का नाहीस? आठवडाभर मी गावभर मोजत फिरलो."

"तुम्हीच म्हणता ना," सान्वी म्हणाली, "उत्तर सांगायचं नाही, ज्याचं त्याला सापडू द्यायचं."

चार वर्षं ते हा नियम सांगत होते, आणि तो इतका नीट पाळला गेलेला त्यांनी आजच पाहिला. त्यांचे डोळे भरून आले, ते त्यांनी चहाच्या वाफेवर घातलं.

दारात प्राची उभी होती, हातात क्लासचा फॉर्म. "सान्वी, भरायचा का मग हा? सर चांगले होते ना?"

"चांगले होते. पण ते उत्तर आधीच सांगून टाकतात," सान्वी म्हणाली. "मग मी शोधायचं काय?"

प्राचीने फॉर्मकडे बघितलं, मग गॅलरीतल्या दोघांकडे. "बरं," ती म्हणाली, "पुढच्या चाचणीपर्यंत बघू," आणि फॉर्म तिने ड्रॉवरमध्ये ठेवला. तो फाडला नाही हे अण्णांनी बरोबर टिपलं. पण ड्रॉवर खोल होता.

मग दोघं टेबलावर येऊन बसली. सहा वाजून वीस मिनिटं झाली होती. सान्वीने पान उलटलं आणि पुढचं गणित वाचायला सुरुवात केली: एका इमारतीच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे. टाकीची लांबी तीन मीटर, रुंदी...

"थांब," अण्णा म्हणाले. ते उठले, आधी दार लावून आले, मग गॅलरीचं लावलं, आणि फितीच्या कपाटाची किल्ली मालनताईंच्या हातात देऊन परत खुर्चीत बसले.

"हं," ते हळूच म्हणाले. "वाच."